पन्नास एमबी

लेक भिंत सोडून पहिल्यांदाच चालली आणि हर्षदाने तिचा व्हिडिओ काढला. तो भरला एकशे ऐंशी एमबी. घरी रोज दोन जीबी, म्हणजे दोन हजार एमबी मिळत; असे दहा सहज गेले असते. पण नवरा विश्राम मालवाहू जहाजावर होता आणि तिथे माणशी दिवसाला पन्नासच एमबी.

"कापून पाठवते," तिने कळवलं. पण काय कापायचं? लेकीचं डुगडुगणं, पडणं, की पुन्हा उठणं? हर्षदाचा हात धजेना.

तेवढ्यात त्याचा निरोप आला, "कापू नकोस. आचारी आणि दोघे खलाशी आजचे आपले एमबी मला देतायत."

तिने अख्खा पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, "चौघांनी मिळून पाहिला. ती पडली, तेव्हा आचाऱ्याने सावरायला हात पुढे केला गं!"