आखूड बाही

गुंडांच्या घराण्यावरचा तो सिनेमा शिंप्याच्या धाकट्याने वडिलांच्या मांडीला मांडी लावून पाहिला आणि त्यातून एकच धडा घेतला. "मला घरच्या धंद्यात पडायचं नाही" असं म्हणणारा हुशार मुलगाच शेवटी बापाच्या खुर्चीत जाऊन बसतो. तेव्हा सुटायचं असेल तर तोंड उघडायचं नाही आणि अक्कल तर अजिबात दाखवायची नाही. त्याची परगावची नोकरी गुपचूप ठरली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी दुकानात त्याने एका नवरदेवाच्या कोटाची डावी बाही चांगली चार बोटं आखूड कापली.

"अरे दिवट्या," थोरल्या भावाने कपाळावर हात मारला, "आता नवरदेवाने काय एक हात खिशात घालून लग्नाला उभं राहायचं?"

धाकटा मनातल्या मनात बॅग भरू लागला. वडिलांनी ती बाही हातात घेऊन बराच वेळ न्याहाळली. मग ते मालकाच्या खुर्चीतून उठले आणि त्यांनी रुमालाने ती खुर्ची झटकली.

"कात्री ठेव खाली. आजपासून तू इथे बसायचं. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, बास."

"पण बाबा, मला साधी बाहीसुद्धा कापता येत नाही!"

वडील त्याच्या कानाशी वाकले.



"मला पळायचं होतं, तेव्हा मी दोन्ही आखूड कापल्या होत्या. तुझ्या आजोबांनी त्याच दिवशी मला या खुर्चीत बसवलं."