एकदांडीची परीक्षा

“हे आकडे मला पटत नाहीत.” परीक्षकांनी स्वागताचा गुच्छ बाजूला सरकवला आणि तिचा प्रबंध पुढे ओढला. “रस्त्याकडेची एकदांडी, आणि तिच्यात एवढे अँटिऑक्सिडंट? बाटलीतला अर्क नको. ताजी फुलं आणा, माझ्यासमोर करून दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.”

ती मान डोलावून बाहेर पडली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. खरं तर तिला आतून हसू येत होतं. सूर्यफुलाच्या कुळातली रानटी झाडं चार वर्षं धुंडाळून तिने साऱ्या प्रयोगशाळेकडून ‘गवतवाली’ हे नाव कमावलं होतं. त्या झाडांत सगळ्यात गुणी निघाली ती एकदांडी, आणि ती इमारतीच्या मागच्या भिंतीलगत नुसती माजली होती. ताजी फुलं आणणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

मागे जाऊन बघते तर जमीन तळहातासारखी स्वच्छ. माळीदादा नळाखाली विळा धूत बसले होते.

“तीन दिवस खपलो, ताई,” ते शाबासकीची वाट बघत म्हणाले. “तुमची परीक्षा घ्यायला बाहेरचे सर येणार, आणि खिडकीतून त्यांना हे रान दिसणार. तुमचं नाव खराब व्हायला नको.”

रागवायचं तरी कसं? एवढ्या मायेने कुणी कुणाचा घात केला नसेल.

“सगळं टाकलंत, दादा?”

“कचऱ्याची गाडी सकाळीच गेली की.” तिचा चेहरा बघून ते ओशाळले. “फुलं तेवढी ठेवली होती मूठभर. देठ लांब असतात, शोभतात म्हणून.”

“कुठे आहेत?”

माळीदादांनी विळ्याने वर, तिच्याच प्रयोगशाळेच्या खिडकीकडे खूण केली.

ती प्रयोगशाळेत परतली तेव्हा परीक्षक चष्मा कपाळावर चढवून प्रबंधात बुडाले होते. तिने गुपचूप कामाला सुरुवात केली. फुलं स्पिरिटमध्ये खलली, रस गाळला, दोन नळ्यांत जांभळं द्रावण घेतलं. फुलांत दम असेल तर जांभळा रंग उडून पिवळा होणार होता. नसेल तर चार वर्षं पाण्यात.

“सर, बघता?”

तिने एका नळीत रसाचे थेंब सोडले. जांभळा रंग आधी विटला, मग मळकट झाला, आणि बघता बघता पिवळाधमक पडला. शेजारची नळी होती तशीच जांभळी राहिली. तिला नाचावंसं वाटत होतं, पण ती हाताची घडी घालून उभी राहिली.

“मानलं,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी झोकात सही ठोकली. मग खिडकीतून खाली डोकावून ते थबकले. “पण खाली तर गवताची काडी दिसत नाही. एवढ्यात फुलं आणलीत कुठून?”

तिने टेबलावरच्या गुच्छाकडे पाहिलं. त्यात आता नुसते गुलाब उरले होते.

“मी नाही, सर. सकाळी दारापासून इथवर तुम्हीच घेऊन आलात.”