दुसरीचा लेक

समुद्रकाठच्या नौदलाच्या दफनभूमीत राहीनं निनावी कबरीवर सदाफुली वाहिली, तर दगडावर ताजं नाव कोरलेलं. तिच्या लेकाचं नव्हे.

"हाडं तपासली, मावशे," राखणदार हळू म्हणाला. "हा दुसरीचा लेक निघाला."

"मग माझा?"

त्यानं पाण्याकडे पाहिलं.

लढाईत जहाज बुडालं आणि लेक सापडला नाही, तेव्हापासून कोळीण असून तिनं मासे वर्ज्य केले होते. त्या माशांनी काय खाल्लं असेल, कुणी सांगावं? पुढे लाटांनी आणलेला हा खलाशी तिचाच, असं सगळ्यांनी समजावलं, तेव्हा कुठे तिनं पुन्हा मासे तोंडाला लावले.

घरी धाकट्या सुनेनं बोंबलाचं कालवण वाढलं. "जेव आये, गरम हाय."

राही मोरीकडे धावली. इतक्या वर्षांचं खाल्लेलं मात्र उलटून पडेना.