बंद घराचे पैसे

येसूबाईने कडुलिंबाचा डहाळा सुतळीने दाराच्या खिळ्याला बांधला आणि हात जोडले. आत तिची नात कमळी तापाने फणफणली होती, अंगभर गोवर उठला होता. दारावर डहाळा दिसला की घिवली गावातलं शेंबडं पोरसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतं. घरात देवीआई आलेली असते. ती जाईपर्यंत फोडणी नाही, मासळी नाही, परक्याचा पाय नाही.

आणि परक्या पोरांवरच तर येसूबाईचं पोट होतं. किनाऱ्यावर विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. नगरकडच्या बाया तिथे डोक्यावरून खडी वाहायच्या आणि दिवसभर पोरं तिच्या पडवीत ठेवायच्या, पोरामागे रोजचे दोन आणे. होळीआधी पोरांचे डोळे आले तेव्हा घर बंद ठेवावं लागलं, तर पगाराच्या दिवशी बायांनी हात आखडले. पोरांपायी त्याही झोपडीत बसल्या होत्या, त्यांचीही हजेरी बुडली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हापासून ठरलं, घर बंद तर पैसे बंद. येसूबाईने मान डोलावली होती. ते दिवस आजी-नातीने नुसत्या पेजेवर काढले.

आज सगळ्यांच्या आधी रखमाबाई आली. काखेत तिचा शिवाजी, हातात घमेलं. डहाळा बघून ती जागीच थबकली.

"कमळीला आय आलीय," येसूबाई म्हणाली. "घर बंद हाय, रखमा. पोराला घेऊन मागं फिर."

"कुठं फिरू, मावशी? आमचं मालक पाय मोडून घरात पडल्यात. मुकादम म्हणलाय, एक खाडा झाला तरी नाव काढीन." रखमाबाई जवळ सरकली. "माझ्या शिवाजीला गोवर येऊन गेलाय. त्याला न्हाई व्हायचं काय. एवढं एक ठिवा."

"तुजं ठेवलं तं बाकीच्यांना काय सांगू?"

रखमाबाईने मागे पाहिलं. बाकीच्या बाया अजून वाटेवर होत्या, त्यांची नुसती बोलणी ऐकू येत होती.

"मग समद्यांचीच ठिवा की. कमळीला आत निजवा, पोरं पडवीत ऱ्हातील. कुनाला कळतंय? तुमचं पैसं बी बुडायचं न्हाईत."

येसूबाईला नाही म्हणता आलं असतं. पण तिला मडक्याचा तळ आठवला, आणि ताप उतरल्यावर कमळी भात मागेल तेही आठवलं. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात खरं. पण विठोबा समजूतदार देव. ही आई तशी नव्हे, हे तिला ठाऊक होतं.

रखमाबाईने शिवाजीला पडवीत उतरवलं आणि हात वर करून डहाळा ओढला तशी सुतळी तुटली. तो डहाळा तिने चुंबळीत दाबून बसवला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वर घमेलं घेतलं. देवीचा पाला खडीच्या ओझ्याखाली चालला होता आणि येसूबाई नुसती बघत राहिली.

पाठोपाठ साखरबाई आली. तिचा झुंबर नुकता पावलं टाकू लागला होता. येसूबाईला बघताच त्याने दोन्ही हात पुढे केले.

"बघा, तुमी दिसला की आईला इसरतंय हे," साखरबाई हसली.

येसूबाईने आत निजलेल्या कमळीकडे पाहिलं. पण तिने त्याला घेतलं.

पुढे पडवीतली पोरं एकेक करून तापली आणि घर बंद झालं ते झालंच. बायांना वाटलं, कमळीला नि त्यांच्या पोरांना एकदमच गोवर निघाला. बाकीची उठली, कमळीही उठली. झुंबरच्या छातीत कफ भरला. पालघरच्या दवाखान्यात न्यायला ट्रक मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

घर पुन्हा उघडलं त्या सकाळी सगळ्या बाया मिळूनच येसूबाईच्या अंगणात आल्या. रखमाबाई पुढे झाली. तिची मान खाली होती.

"मावशी, आमी ठरवलंय. दुखण्यापायी घर बंद ऱ्हायलं तरी निम्मं पैसं द्यायचं. ह्या वक्ताचंबी घ्या."

येसूबाईने पदर पुढे केला. हेच होळीला ठरलं असतं तर, असं तिच्या मनात आलं आणि तिचा तिलाच राग आला. डहाळा तिच्या दारचा होता. पदरात नाणी पडू लागली. सर्वांत शेवटी साखरबाई आली, काख रिकामी.

"तू नको गो," येसूबाई म्हणाली. "तुजा तं..."

"घर बंद झालं तवा व्हता की त्यो. त्याचं देणं ऱ्हाऊ देऊ नका माझ्या डोईवर." साखरबाईने नाणं पदरात टाकलं.

येसूबाईला हुंदका आवरेना. साखरबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी कशापायी रडता, मावशी? तुमचा काय दोस? आई काय दारावर सांगून येती व्हय?"

रखमाबाईने शिवाजीला उगाच एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. येसूबाईची नजर वर गेली. चौकटीच्या खिळ्याला सुतळीचा तुटका तुकडा अजून लोंबत होता.