इन्सर्टेड

“इन्सर्टेड लिही,” सुपरवायझर केशव सर म्हणाले. “ऑपरेटर इन्सर्टेड हिज हँड. सुटसुटीत.”

समीक्षाची बोटं कीबोर्डवर थांबली. उर्स्याच्या कारखान्यात ती दोन वर्षं क्लार्क होती. अपघाताचा इंग्रजी फॉर्म पहिल्यांदाच भरत होती.

“सर, इन्सर्टेड म्हणजे आपणहून घातला. हौशीरामभाऊंचा हात सापडला ना? गॉट कॉट लिहू?”

“कॉट म्हटलं की तपासणीवाले मशीन बघायला येणार. मग पुट लिही. नाहीतर प्लेस्ड. इंग्रजी तुझं चांगलं, तू ठरव.”

इन्सर्टेड, पुट, प्लेस्ड. तिन्हींत चूक हौशीरामचीच होती. आणि स्वतःच्या चुकीनं दोन बोटं घालवलेल्या माणसाला कारखाना परत कामावर घेत नसे.

नग दाबणाऱ्या प्रेस मशीनला दोन बटणं. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली यावा, म्हणून. पण डावं बटण दिवाळीपासून चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं. एक हात मोकळा राहिला की नग जास्त निघतात. पट्टी लावायला केशव सरांनीच सांगितलं होतं. सकाळी हौशीरामला तळेगावच्या दवाखान्यात नेलं, तेवढ्यात पट्टी निघालीही होती.

समीक्षानं ‘पुट’ लिहिलं आणि कागद घेऊन बाहेर आली. बाकावर हौशीरामची बायको रेणुका सहीसाठी बसली होती. नवऱ्याचा डबा मांडीवर, न उघडलेला.

“काय लिवलंय, ताई?”

“भाऊंनी प्रेसमध्ये हात घातला, असं.”

“व्हय, घातला की.” रेणुका शांतपणे म्हणाली. “दिसातनं हजारदा घालत्यात. नग ठिवायचा, नग काढायचा, त्येच तर काम. हात रोजच जातोय, ताई. आज वरनं काय आलं, त्ये लिवा.”

तिनं पेन परत केलं. सही केली नाही.

समीक्षा आत आली. अख्खं वाक्य पुसलं. कोऱ्या ओळीत आधी ‘द प्रेस’ लिहिलं आणि थांबली. केशव सर तिच्या मागं येऊन उभे राहिले.

“फेल, म्हणजे पडला, असं लिहू, सर?”

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, पुसून झाला तरी.

“पडला नाही तो,” ते म्हणाले.

मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

“केम डाऊन लिही.”