बोटांचं तेल

टेबलावर एक काटा, बारा वजनं आणि एक चिमटा होता. खुर्ची एकच, तिच्यावर प्रयोगशाळेचे साहेब. विज्ञानाच्या बाई उभ्याच राहिल्या. शाळा सोडून वजनं तपासण्याच्या कामात शिरायचं म्हणून माहिती विचारायला त्यांनी ठोठावलेलं हे पाचवं दार. “माहिती कसली? वळसा घालून नोकरीच मागताय की!” साहेब खेकसले. “खडूच्या धुळीत आयुष्य घालवलंत, यातलं काय कळतं तुम्हाला?” त्यांनी शंभर ग्रॅमचं वजन बोटांनी उचलून बाईंच्या नाकासमोर नाचवलं. “हे चिमट्यानं उचलतात, एवढं कळतं,” बाई म्हणाल्या. “बोटांचं तेल लागून वजन वाढतं.” “माझी बोटं तीस वर्षं कोरडीच आहेत! आकडा वाढला तर सोमवारी कामावर या, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नका.” साहेबांनी वजन काट्यावर ठेवलं. सकाळी ते १००.०००० ग्रॅम भरलं होतं, आता १००.०००३ भरलं.