माळाचा दाखला

"पन्नास वर्षांपासून इथं चारताय, असा एखादा कागद?" झाडं लावायला आलेल्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

बाळाबाईकडे कागद नव्हता. दीडशे शेरडं-मेंढरं होती आणि ती माळभर पांगून सुखानं चरत होती. साहेबांच्या मागं जेसीबी घरघरत उभा. आज कुंपणाचे खड्डे पडले की चराई बंद, म्हणजे कळप विकायचा. तरी बाळाबाईचं तोंड काही बंद नव्हतं.

"इथं पूर्वी जंगल होतं, मावशी. तुमच्या शेरडांनी खाऊन माळ केला."

"व्हय, आन् ढेकर बी दिला न्हाय."

सोनाली खुदकन हसली. सोलापूरच्या कॉलेजातली ही पोरगी उन्हाळ्यात इथल्या कोरड्या तळ्यात पाइप ठोकून चिखल घेऊन गेली होती. तेव्हा बाळाबाईनंच तिला ताक पाजलं होतं. आज तोच चिखल, उभा चिरलेला, ती लांबट पेटीतून घेऊन आली होती. फुलांची धूळ चिखलात हजारो वर्षं टिकते, त्यावरून कधी काय उगवत होतं ते कळतं, असं तिचं म्हणणं.

"सर, तळाच्या चिखलात झाडांची धूळ आहे. मग चार हजार वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला, झाडं विरळली. तिथून वर गवतच. शेरडं त्याच्याही नंतर आली."

"ऐकलंस का रं?" बाळाबाईनं शेजारच्या बोकडाला थाप मारली. जन्माचा आळ उतरला होता.

पण साहेबही कच्चे नव्हते. त्यांनी चिखलातल्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि हे?"

सोनाली अडखळली. "काजळी. माणसं गवत पेटवायची. म्हणून झाडं परत वर आली नाहीत, हेही खरंय."

"म्हणजे माणसांचा हात आहेच!"

बाळाबाई वाकली. पावसाच्या तोंडावर वाळकं गवत पेटवलं की कोवळं फुटतं, हे तिला सासऱ्यानं शिकवलेलं.

"ही रेघ कवाची, पोरी?"

"तीन हजार वर्षांपूर्वीची."

"मग लिवून घ्या, सायेब. आमी तवापास्नं हितंच हाय. पन्नास वर्षांचं काय इचारताय?"

साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमेना. त्यांनी जेसीबीवाल्याला थांबायची खूण केली. "अहवाल वर पाठवतो. तोवर चरू दे."

ते गाडीकडे वळताच बाळाबाईनं सोनालीला बाजूला ओढलं.

"सायेब काय, बदलत्यात. तू ह्या चिखलाची एक झेरॉक्स काढून दे की."